चांदीची सळी

हुपरी
५ जानेवारी २०२५

शबनूर,

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे. सगळं म्हणजे मी.

फोन करता येतो हे मलाही माहीत आहे. पण फोनवर आपलं दोघांचं तिसऱ्या वाक्याला वाजतं. पत्रात निदान तुला मध्ये बोलता येत नाही. तू दर शुक्रवारी शेजारच्या आक्कांना फोन करतेस, तेव्हा त्या मुद्दाम स्पीकर लावून आमच्या भिंतीला टेकून बसतात आणि भिंतीच्या अलीकडे मी चांदीची भट्टी बंद करून बसतो. तुला वाटत असेल, आक्कांना कमी ऐकू येतं. त्यांचे कान माझ्यापेक्षा बरे आहेत.

परवा मात्र गाडी आवाज करत गेली आणि मला नीट ऐकू आलं नाही. म्हणून आक्का स्वतःच दारात येऊन सांगून गेल्या. "लालासाब, पोरगी बारकी छत्री घ्याय लागलीया. तिकडं समदी बारकीच घेत्यात म्हनं. चांगलं हाय का वाईट, मला काय कळंना."

मलाही कळलं नाही. पण बारकी म्हटल्यावर त्या दिवशी मी भट्टी परत पेटवलीच नाही. आधीच इंजिनिअरची नोकरी सोडून तू स्पेनच्या त्या मैदानावर लोकांच्या छत्र्यांच्या घड्या घालतेस आणि उरलेल्या वेळात स्वतः विमानातून उडी मारतेस. पॅराशूट म्हणायचं, छत्री नाही, हे तू शंभरदा सांगितलंस. मला छत्रीच सुचतं. आणि छत्री म्हटलं की मोठी बरी, एवढंच माझ्या डोक्यात येतं.

तू मे महिन्यात आली होतीस, त्यावरून अजून धुमसत असशील. जयसिंगपूरचा व्यापारी पैंजण न्यायला आला होता, त्याने विचारलं पोरगी काय करते, मी म्हणालो विमान कंपनीत आहे. तो गेल्यावर तू म्हणालीस, "लाज वाटते तर गप्प बसा की अब्बा, खोटं कशाला?" आणि ठरल्याच्या आधीच निघून गेलीस. त्यात खोटं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. विमान तर आहेच ना त्यात.

असो. आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. पोरगी उंबरा ओलांडून निघाली की बापाच्या हातचं काहीतरी तिच्या अंगावर असतं. तुझ्या आत्यांना माझ्या बापाने पैंजण घातले. तू म्हणालीस, पायात काही लोंबलं तर दोऱ्यांत अडकतं, चालत नाही. हातात नको, गळ्यात नको. तू रिकामीच गेलीस. तुझी अम्मी असती तर मला जेवायला वाढलं नसतं.

तेव्हा मी यावर तोड काढली आहे. तू खोलीत ती पिशवी बांधत होतीस तेव्हा मी दारातून बघत होतो. तुझ्या लक्षात आलं नसेल. पिशवीची तोंडं एका दोरीच्या फासाने बांधलेली आणि त्या फासात एक बोटाच्या पेराएवढी सळी खोचलेली. पोलादाची, आणि तीही वाकडी. एवढ्या उंचीवरून उडी मारायची आणि सळी वाकडी? मी माप नजरेत धरलं होतं. सोबतच्या डबीत ती सळी चांदीची करून पाठवतो आहे. वाक काढून टाकला आहे. टोक घासून असं केलंय की रेशमातून गेली तरी धागा ओढणार नाही. ही लोंबत नाही आणि दिसतही नाही. ही घाल.

छत्री मोठीच घे.

तुझा बाप


१२ फेब्रुवारी

शबनूर,

डबी परत मिळाली. सोबतची चिठ्ठीही मिळाली. "अब्बा, ही वापरता येत नाही. राग मानू नका." एवढ्या दोन वाक्यांसाठी स्पेनवरून कुरिअर आलं. पोस्टमनपेक्षा तो कुरिअरवाला जास्त बोलला माझ्याशी.

राग आला. खोटं कशाला सांगू. चार दिवस डबी फळीवर पडून होती. मग म्हटलं हिला इंग्रजी येतं, स्पॅनिश येतं, पण छत्रीतलं कळणारा माणूस आपल्याकडेही आहे. जयसिंगपूरचे उदयसिंह आठवतात का? मोठ्या मिशांचे, फौजेत छत्रीवाल्या पलटणीत होते. आता त्यांचं खताचं दुकान आहे. एसटी पकडली आणि गेलो. म्हटलं, ते सांगतील माझ्या पोरीला, बापाची वस्तू बापाची असते.

त्यांनी सळी हातात घेतली, उलटसुलट केली आणि हसायला लागले. मला ते आवडलं नाही. मग त्यांनी दुकानातली सुतळी घेतली, खिडकीच्या गजाला फास बांधला, खताचं अर्धं पोतं लटकवून तो ताणला, आणि फासात माझी सळी खोचली. म्हणाले, "आता वडा."

मी ओढली. आली नाही. जोर लावला. सळी सरकली खरी, पण निघता निघता वाकून तिचा आकडा झाला आणि तो फासातच अडकून बसला. मग उदयसिंहांनी सायकलचा एक आरा तोडला, त्याला तुझ्या सळीसारखा बाक दिला, टोक घासलं आणि तो खोचून ओढला. लोण्यातून निघावा तसा निघाला.

"तुमची पोरगी वर काय करती ठावं हाय का?" त्यांनी विचारलं. मला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी नीट सांगितलं. तू हाताने एक बारकी झोळी वाऱ्यात फेकतेस. ती पट्टी ओढते, पट्टीच्या टोकाला ही सळी, सळी फासातून सुटली की पाठीवरची पिशवी उघडते आणि छत्री बाहेर येते. सळीचा बाक हा दोष नव्हे, तो मुद्दाम असतो, सुटायला सोपं जावं म्हणून. "ही सुटली न्हाय तर छत्री पाठीवरच ऱ्हाती लालासाब. मग दुसरी, संकटातली छत्री उघडायची. तीबी नाटक करील तर संपलं."

मी दुकानात खताच्या पोत्यावर बसलो. त्यांनी चहा मागवला. मी तुला मारायची वस्तू तासभर भिंगाखाली धरून घासली होती. टोक इतकं छान झालं होतं.

आणखी एक विचारलं मी त्यांना. मे महिन्यात तू खोलीत छत्री पसरलीस तेव्हा भर दुपारी खिडक्या लावून पडदे ओढून घेतलेस. मला वाटलं गल्लीत कुणी बघू नये म्हणून. म्हणजे तुलाही लाजच वाटते, मग मला कशाला बोलतेस, असं मी मनात म्हणालो होतो. उदयसिंह म्हणाले, तसलं कापड उन्हात पसरलं तर त्याचा दम जातो. आक्का तर तेव्हा म्हणत होत्या, पोरीची छत्री निरम्यात भिजवून गच्चीवर वाळत घालूया, मळलीय. बरं झालं तू ती खोलीतच ठेवलीस.

बारक्या छत्रीचं मात्र त्यांना पुरतं सांगता येईना. त्यांची फौजेतली छत्री गोल होती, वारा नेईल तिकडे जायची. तुमची चौकोनी, तिला लगाम असतो, ती घोड्यासारखी वळते, एवढं म्हणाले. आणि म्हणाले, छत्री उघडली म्हणजे आता काम झालं असं ज्याला वाटतं, तोच लंगडतो. उघडलेल्या, धडधाकट छत्रीखाली लोक पाय मोडून घेतात, जमिनीजवळ येऊन वळायला जातात म्हणून.

तेव्हा मला तुलाच विचारायचं आहे. भांडायचं नाही. आत्ता तुझी छत्री केवढी आहे? नवी केवढी घेणार? कुणाच्या सांगण्यावरून? आणि ती दुसरी, संकटातली छत्री कोण बांधतं?

सळी आकड्यासारखी झालेली तशीच माझ्यापुढे आहे.

अब्बा


६ मार्च

शबनूर,

तुझं पत्र मिळालं. दोन पानांचं. रोज्याच्या दिवसांत दुपार जाता जात नाही, ती एक दुपार बरी गेली. मी ते तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा आक्कांना वाचून दाखवलं. एक ओळ गाळली. कुठली ते सांगतो.

मला समजलं ते लिहितो, चुकलं तर सांग. तुझी आत्ताची छत्री दीडशे चौरस फुटांची. तुझं वजन सगळ्या सामानासकट पौंडात धरायचं आणि छत्रीच्या फुटांनी भागायचं. तुझा भागाकार एक येतो. एक म्हणजे छत्री शहाणी, चुकलीस तर सांभाळून घेते. तुला एकशे वीसची घ्यायची आहे, तिचा सव्वा येतो. भागाकार वाढला की छत्री पळते, झुकते, आणि चुकीला माफी देत नाही. शिवाय बारक्या छत्रीच्या दोऱ्या आखूड, म्हणून ती वळतेही पटकन. संकटातली छत्री सरकारी परवाना असलेला माणूसच बांधतो आणि तू बेशुद्ध पडलीस तर ती आपोआप उघडणारं यंत्र पिशवीत असतं. हे वाचून मला बरं वाटलं. ते यंत्र ज्याने काढलं त्याला अल्ला भरपूर देवो.

आता गाळलेली ओळ. "मी एकटीच अजून मोठी छत्री घेऊन फिरते, सगळे उतरून कॉफी प्यायला गेलेले असतात आणि मी अजून वर तरंगत असते, खाली कुणी थांबलेलं नसतं." हे मी आक्कांना वाचून दाखवलं नाही. तुझ्या एकटेपणाचं गल्लीत कशाला.

पोरी, मला वाटत होतं तू तिथे माणसांत आहेस आणि मीच इथे भिंतीशी बोलतो आहे. तुझी अम्मी गेल्यापासून मी भात एकाचाच करायला शिकलो, तरी जास्तच होतो. तूही तिथे अशीच असशील हे कधी मनात आलं नाही. पण माणसं खाली कॉफी पितात म्हणून लवकर खाली यायचं, हे मला पटत नाही.

मी नको म्हणणार नाही. नको म्हटल्यावर तू काय करतेस ते मला माहीत आहे. दीडशेवरून कधीतरी खाली यावंच लागेल असं तू लिहिलंस, तुला शिकायचं आहे, तेही कळतं. मला फक्त एक विचारायचं आहे. दीडशे आणि एकशे वीस यांच्या मध्ये काही माप येत नाही का? तू स्वतःच लिहिलंस, एकशे पस्तीसची असते, पण "तिच्यात मजा नाही, थेट घेतली तरी चालते असं सगळे म्हणतात".

पत्रासोबत दोन तारा पाठवतो आहे. लहानपणी तू माझ्यासमोर बसून तार ओढायला मदत करायचीस, ती भोकांची पोलादी पट्टी तुला आठवत असेल. मोठ्या भोकातून तार ओढायची, तापवायची, गार करायची, मग त्याच्या खालच्या भोकातून. भोक चुकवायचं नाही. त्या सळीची चांदी मी आटवली आणि तिच्याच दोन तारा ओढल्या. एक सगळ्या भोकांतून आणली. ती केसासारखी झाली आहे, बोटाला गुंडाळून बघ. दुसरी ओढताना मधलं एकच भोक सोडलं. तिचे तुकडे कागदात बांधले आहेत. चांदी एकच, हात एकच.

एवढंच. बाकी तू शहाणी आहेस.

अब्बा


१ एप्रिल

शबनूर,

काल ईद झाली. आक्कांनी सकाळीच डबा धुऊन पाठवला, शिरखुर्म्यासाठी. मी केला. दूध जरा करपलं, पण खजूर भरपूर घातले. उदयसिंह सहकुटुंब येऊन गेले. तुझा फोन आला नाही.

शुक्रवारीही आला नाही. त्याच्या आधीच्या शुक्रवारी आला होता, पण आक्कांनी स्पीकर लावला नाही. फोन घेऊन आत गेल्या आणि दार ओढून घेतलं. आजपर्यंत त्यांनी असं केलं नव्हतं. नंतर मी विचारलं तर म्हणाल्या, "बरी हाय की. तुम्ही खावा आनि झोपा." आणि डोळ्याला पदर लावला. मी आक्कांना नवऱ्याच्या मयतीतसुद्धा रडताना बघितलेलं नाही.

मला वाईट काही विचारायचं नाही. एकदा चालून बघ, दोन्ही पायांवर, आणि मला कळव की चालता येतं.

तारा मिळाल्या का? रागावली असशील तर रागाव, पण दोन ओळींत रागाव. दिवसभर भट्टीपुढे बसतो पण हात चालत नाही. काल जयसिंगपूरच्या त्या व्यापाऱ्याची ऑर्डर अपुरी राहिली. आमच्या धंद्यात मन दुसरीकडे असलं तर जोडाचा डाग नीट बसत नाही, घुंगरू गळून पडतं.

मला फोन करवत नाही. फोन हातात घेतो, तुझं नाव दिसतं, आणि भीती वाटते की दुसरंच कुणी उचलेल.

अब्बा


११ मे

शबनूर,

पार्सल काल आलं, तुझ्या पत्रासकट. आज लिहितो आहे, कारण काल लिहिलं असतं तर पत्रात शिव्या आल्या असत्या.

तर तू उसनी एकशे वीसची घेऊन उडी मारलीस. तारा हातात पडल्यानंतर मारलीस, हेही प्रामाणिकपणे लिहिलंस. वरून आक्कांना कुराणाची शपथ घातलीस की अब्बांना सांगायचं नाही. त्या विठोबाच्या माळकरी बाईला कुराणाची शपथ, आणि त्यांनी ती पाळली. त्यांना म्हटलं, तुम्ही कशाला पाळली? म्हणाल्या, शपथ ती शपथ.

उतरताना समोर माणूस आला म्हणून तू वळलीस, जमिनीपासून झाडाएवढ्या उंचीवर. जुन्या छत्रीने तेवढं सोसलं असतं, हिने सोसलं नाही. घोट्याचं हाड. महिनाभर प्लास्टर. आणि त्या महिन्यात तुला स्वयंपाकाला कुणी नव्हतं, काठी घेऊन एका पायावर डाळ उकडायचीस, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. इथे मी एकाचा भात जास्त होतो म्हणून रडत होतो.

मी सांगितलं होतं असं म्हणणार नाही. मी वाकडी सळी सरळ करून पाठवणारा माणूस आहे.

पार्सलमधली सळी बघितली. तुझी जुनी, पोलादाची, बाकदार. तू लिहिलंस, "अब्बा, मी एकशे पस्तीसची घेतली. मधलं भोक. प्लास्टर निघालं, चालते आहे, जूनपासून उडी. पिशवीची सळीही नवी बसवून घेतली, ही जुनी. भिंगाखाली बघा आणि सांगा हिची झीज कशी आहे. इथे कुणी एवढं बघत नाही." बघितली. आतल्या बाजूला, फास जिथे बसतो तिथे, एक बारीक खाच पडली आहे. नखाला लागत नाही, भिंगात दिसते. टोकाजवळ एक कुसळ उठलं आहे, कुठेतरी दगडावर आपटली असणार. त्या कुसळाने फास रोज थोडा थोडा कापला असता. बदललीस ते बरं केलंस. आधीच बदलायला हवी होतीस. यापुढे जुनी झालेली प्रत्येक सळी माझ्याकडे पाठव, मी बघून सांगत जाईन. तेवढं तर मला येतं.

ती मी ठेवून घेतली आहे. चांदी नाही, पण ठेवली आहे.

आज दुपारी तो व्यापारी आला, राहिलेली ऑर्डर न्यायला. भिंग माझ्या डोळ्यावर होतं आणि सळी चिमट्यात. त्याने विचारलं हे काय नवीन डिझाईन. मी म्हणालो, माझ्या पोरीच्या पॅराशूटची सळी आहे. म्हणाला, पोरगी विमान कंपनीत आहे ना? मी म्हणालो, "न्हाय. ती इमानातनं उडी मारती. आनि लोकांच्या पॅराशूटांच्या घड्या घालती. तिनं घातलेल्या घडीवर लोक जीव टाकत्यात." त्याने भिंग मागून सळी बघितली. मग म्हणाला, भीती वाटत नाही का तुम्हाला? मी म्हणालो वाटते. तो पैंजण मोजून घेऊन गेला.

पॅराशूट म्हणालो मी. छत्री नाही म्हणालो. आक्का भिंतीपलीकडून ऐकत होत्या, त्या साक्षीला आहेत.

जूनमध्ये पहिली उडी मारशील तेव्हा सरळ उतर. समोर कुणी आलं तर हळूच थोडी बाजूला हो, मोठं वळण घेऊ नकोस, हे तुलाच माहीत आहे, मी उगाच लिहितो आहे. वरून उतरायला वेळ लागला तर लागू दे. सगळे कॉफी प्यायला गेले तर जाऊ देत. उतरलीस की फोन कर. मी फोन हातात धरून बसलेला असेन, म्हणजे खाली कुणी थांबलेलं नाही असं तुला वाटायला नको.

आणि फोन आक्कांना करू नकोस. मला कर. भांडण झालं तर होऊ दे.

अब्बा